चौकात बसणारं शहर

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



मी धाडची. बुलडाण्याहून छत्रपती संभाजीनगरकडे निघालं की वाटेत आमचं गाव लागतं. इथे विदर्भ संपत येतो आणि पलीकडे भोकरदनच्या बाजूला मराठवाडा सुरू होतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत मी तीस वर्षं शिकवलं. त्यातली बरीचशी वर्षं भूगोल. आमचे हे शेती करतात. सोयाबीन, कपाशी, थोडा मका.

आमच्या घरात अर्जेंटिना हा शब्द दोन वाटांनी शिरला. एक माझी वाट. दरवर्षी नकाशावर काठी ठेवून मी मुलांना सांगायचे, 'हा पंपास गवताळ प्रदेश, इथली जमीन सुपीक, इथे गुरं पाळतात.' दुसरी वाट ह्यांची. बाजारभावाच्या बातम्यांत हमखास एक वाक्य असायचं. अर्जेंटिनात पाऊस चांगला झाला, सोयाबीनचे भाव नरमले. किंवा अर्जेंटिनात दुष्काळ पडला, भाव वधारले. हे वैतागून म्हणायचे, 'पाऊस त्यांच्याकडे पडतो आणि चिखल आपल्या दारात होतो.' एकदा असंच बोलता बोलता म्हणाले, 'तू निवृत्त झालीस ना, की तो देश एकदा डोळ्यांनी पाहू.'

मी निवृत्त झाले. नोव्हेंबर २०२४ मध्ये आम्ही खरोखरच निघालो. टूर कंपनीबरोबर नाही, आमचे आम्हीच. दोघांच्या पाठीवर एकेक सॅक, बस्स. पंढरीच्या वारीला खांद्यावर पडशी घेऊन चाललेल्या माणसाला सॅकचं ओझं वाटत नाही. दोघांचं विमानाचं भाडं पावणेतीन लाखांच्या घरात गेलं. ते माझ्या निवृत्तीच्या पैशातून. 'एवढ्या पैशात गच्चीवर दोन खोल्या झाल्या असत्या,' असं काही जण म्हणाले. झाल्या असत्या, खरंच.

आठ दिवस आम्ही एकाच शहरात राहिलो. ब्युनोस आयर्स, अर्जेंटिनाची राजधानी. पंपास बघायला गेलो नाही, हिमनद्या बघायला गेलो नाही. एक शहर पायी चालून नीट बघायचं, असं ठरवलं होतं. त्या शहरात मला जे सगळ्यात जास्त जाणवलं, तेच आज सांगणार आहे. तिथे माणसं, आणि विशेषतः बायका, चौकात थांबतात. नुसत्या ये-जा करत नाहीत. बसतात, बोलतात, नाचतात, भांडतात, आणि गेलेल्यांची नावंही घेतात. हे त्यांना कोणी आयतं दिलेलं नाही. ते कसं मिळालं, हे आम्हाला त्या आठवड्यात थोडं थोडं करून कळत गेलं.

आधी शहराचा अंदाज देते. अर्जेंटिनाचं क्षेत्रफळ भारतापेक्षा थोडंसंच कमी, पण माणसं किती, तर २०२२ च्या जनगणनेनुसार सुमारे ४ कोटी ६० लाख. म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही कमी. आणि त्यातला जवळजवळ दर तिसरा माणूस ब्युनोस आयर्स आणि त्याच्या उपनगरांत राहतो. शहराच्या एका अंगाला रिओ दे ला प्लाता ही नदी. नदी कसली, समुद्रच. पाणी आपल्या पावसाळी ओढ्यासारखं तपकिरी आणि पलीकडचा काठ दिसतच नाही. घड्याळ आपल्यापेक्षा साडेआठ तास मागे. ऋतू उलटे. आम्ही सोयाबीन काढून निघालो होतो आणि तिथे सोयाबीनची पेरणी चालली होती. शहरात वसंत होता. रस्तोरस्ती नीलमोहर फुललेला, खाली फुटपाथवर जांभळा सडा. फ्रान्समध्ये जन्मलेल्या कार्लोस थाइस यांच्याकडे १८९१ साली शहराच्या बागांचं काम आलं. तिथली कितीतरी झाडं आणि बागा त्यांच्या हातच्या आहेत. झाड लावणारा माणूस गेला तरी त्याचं नाव लोकांच्या तोंडी आहे, याचं मला अप्रूप वाटलं.

आमचा मुक्काम सान तेल्मो या जुन्या भागात, एका होस्टेलमध्ये. बाकी सगळे पंचवीस-तिशीचे. स्वयंपाकघर सगळ्यांना मिळून एकच. तिथे मी मुगाची खिचडी टाकली की मुलं वासावर यायची. शाकाहारी माणसाचं गोमांसाच्या त्या देशात कसं होणार, अशी काळजी होती. पण करंजीच्या आकाराची एम्पानादा मक्याच्या सारणाचीही मिळते. आणि पिझ्झाबरोबर 'फाइना' नावाचा एक प्रकार देतात. खाऊन बघितला तर हरभऱ्याच्या पिठाची भाजलेली जाड पोळी! बेसन इथेही भेटलं म्हणून हे खूश. दूध-साखर आटवून केलेलं 'दुल्से दे लेचे' तर आपल्या रबडीची धाकटी बहीणच.

रविवारी सान तेल्मोच्या देफेन्सा रस्त्यावर बाजार भरतो. हा बाजार १९७० पासूनचा. जुन्या वस्तू, चांदीचे चमचे, काचेच्या रंगीत बाटल्या, हाताने रंगवलेल्या पाट्या. त्या पाट्यांवरची नक्षी पाहून हे म्हणाले, 'अगं, हे तर आपल्या ट्रकच्या मागचं!' अगदी तसंच. वेलबुट्टी, फुलं, पक्षी आणि मध्ये एखादं वचन. त्या कलेला 'फिलेतेआदो' म्हणतात. आधी गाड्यांवर, मग ट्रक-बसवर ती चितारली जायची. २०१५ मध्ये युनेस्कोने तिला वारशाच्या यादीत घेतलं. आपल्या 'हॉर्न ओके प्लीज'वाल्या पेंटरला हे कोणी सांगेल का?

बाजाराच्या कडेला एक आजी घडीची खुर्ची टाकून बसली होती. हातात भोपळ्याचं छोटं भांडं, त्यात धातूची नळी. त्याला 'माते' म्हणतात. येर्बा नावाच्या झाडाच्या पानांचा कढ असतो तो. एकाच नळीने सगळे आळीपाळीने पितात. मला उष्ट्याचा विचार आला, पण तिने इतक्या सहज पुढे केलं की घेतलं. कडू जहर! मी 'ग्रासियास', म्हणजे धन्यवाद म्हणाले. त्यानंतर तिने पुन्हा दिलंच नाही. नंतर कळलं की माते पिताना धन्यवाद म्हणायचं ते 'आता पुरे' या अर्थाने. बरंच झालं म्हणायचं! पण ती आजी काही विकत नव्हती, कोणाची वाट पाहत नव्हती. दुपारभर रस्त्याच्या कडेला नुसती बसली होती. हे माझ्या डोक्यात राहिलं.

दुसऱ्या दिवशी ला बोका या बंदराजवळच्या वस्तीत गेलो. पत्र्याची घरं. प्रत्येक पत्रा वेगळ्या रंगाचा, निळा, पिवळा, लाल. जहाजांना रंग दिल्यावर डब्यात जो उरायचा तो घराला फासायचा, त्यामुळे एका घराला एक रंग कधी पुरलाच नाही. आज तिथे परदेशी पाहुण्यांची झुंबड असते, पण ही मुळात गरिबांची वस्ती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून इटली-स्पेनमधून लाखो माणसं पोट भरायला या शहरात उतरली. १९१४ च्या जनगणनेत शहरातली जवळपास निम्मी माणसं परदेशात जन्मलेली होती. सान तेल्मोतले श्रीमंत १८७१ च्या पिवळ्या तापाच्या साथीत वाडे सोडून उत्तरेकडे गेले आणि त्या वाड्यांच्या एकेका खोलीत एकेक कुटुंब राहू लागलं. मध्ये चौक, भोवती खोल्या, नळ आणि संडास सगळ्यांना मिळून. त्याला 'कोन्वेन्तियो' म्हणत. मुंबईत गिरणगावात ज्यांचे नातेवाईक राहिले, त्यांना वेगळं समजवायला नको. आपण त्याला चाळ म्हणतो.

१९०७ साली या चाळींतलं भाडं वाढलं. पुरुष कामावर गेलेले असत. घरमालकाची माणसं आणि पोलीस येत तेव्हा घरात बायका आणि पोरंच असत. त्यांनी भाडं द्यायला नकार दिला आणि हातात झाडू घेऊन मोर्चा काढला. घरमालकांची मुजोरी झाडून काढायची म्हणून झाडू! हा संप शहरभर पसरला. मला आपल्याकडचा १९७२-७३ चा काळ आठवला. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर मुंबईच्या रस्त्यावर लाटणी-थाळ्या घेऊन आलेल्या बायका. महागाईविरुद्धचा तो लाटणे मोर्चा. कुठलं ब्युनोस आयर्स आणि कुठली मुंबई! पण हातात काय घ्यायचं, हे दोन्हीकडच्या बायकांना कोणी शिकवलं नव्हतं. जे रोज हातात असतं, तेच घेतलं.

मंगळवार ह्यांचा होता. तिथली धान्याची संस्था बाहेरून का होईना, बघायचीच होती. 'बोल्सा दे सेरेआलेस', स्थापना १८५४. भुयारी रेल्वेने गेलो. तिचा पहिला मार्ग डिसेंबर १९१३ मध्ये सुरू झाला. दक्षिण अमेरिकेतली ही पहिली भुयारी रेल्वे. कोरिएन्तेस नावाच्या मोठ्या रस्त्याच्या एका टोकाला ती संस्थेची इमारत आहे. हे तिच्यासमोर हाताची घडी घालून बराच वेळ उभे राहिले. सोयाबीनची पेंड आणि तेल जगाला विकण्यात अर्जेंटिनाचा नंबर पहिला. आपण परदेशातून जे सोयाबीन तेल आणतो, त्यातलं बरंचसं इथलंच. त्या महिन्यात आपल्याकडे सोयाबीनचा हमीभाव ४८९२ रुपये क्विंटल होता आणि बाजारात त्याहून बरेच कमी पदरात पडत होते. मला वाटलं, हे रागावलेत. तर म्हणाले, 'यांचं तरी काय बरं चाललंय!' कारण त्यांनी माहिती काढलेली होती. त्या वेळी तिथल्या सोयाबीनवर सरकारचा ३३ टक्के निर्यातकर होता. २००८ साली हाच कर वाढवायला निघालेल्या सरकारविरुद्ध तिथले शेतकरी चार महिने रस्त्यावर होते. शेवटी संसदेच्या वरच्या सभागृहात समसमान मतं पडली आणि खुद्द उपराष्ट्राध्यक्षांनी सरकारविरुद्ध मत टाकलं. कर वाढला नाही. हे म्हणाले, 'आपण त्यांना शत्रू समजत होतो. तोही आपल्यासारखाच आभाळाकडे आणि सरकारकडे बघत बसलाय.' त्यांची जमीन आपल्यापेक्षा कैक पटींनी मोठी, यंत्रं मोठी, हे खरंच. पण त्या दिवसानंतर बाजारभावाच्या बातमीतला 'अर्जेंटिना' ह्यांच्या तोंडी शिवीसारखा येत नाही.

त्याच कोरिएन्तेस रस्त्यावर पुढे पुस्तकांची दुकानं रात्री उशिरापर्यंत उघडी. नाटकं सुटतात, माणसं उभ्याउभ्या पिझ्झा खातात. रात्रीची जेवणंच नऊ-दहाला सुरू होतात. रात्री अकराला बायका, मुली, म्हाताऱ्या रस्त्यावर. कोणी घाईने चालत नव्हतं. पाचवारी साडी आणि पायात कॅनव्हासचे बूट, अशी मीही त्यात चालत होते. आयुष्यात रात्री अकराला मी रस्त्यावर चालले ते फक्त यात्रेत, लग्नात किंवा दवाखान्यात जाताना. काहीही काम नसताना पहिल्यांदाच.

सगळं गोडगोड नाही हं. पाकीटमार आहेत. मोबाइल हातात मिरवू नका, असं प्रत्येक जण बजावतो. मोठ्या इमारतींच्या आडोशाला गाद्या टाकून झोपलेली कुटुंबं पाहिली. रात्री कचऱ्यातून पुठ्ठे वेचणारी माणसं पाहिली. २०२३ साली तिथे महागाई एका वर्षात २११ टक्क्यांनी वाढली होती. आपल्याकडे शंभराची डाळ वर्षाने तीनशेच्या पुढे गेली तर काय होईल, कल्पना करा. आम्ही गेलो तेव्हा एका डॉलरला हजाराच्या आसपास पेसो मिळत.

या महागाईचा चेहरा बुधवारी दिसला. संसदेसमोर दर बुधवारी निवृत्त माणसं जमत होती. निवृत्तिवेतन पुरत नाही, औषधं परवडत नाहीत, म्हणून. काठी टेकत आलेले आजोबा, आजी, आणि समोर ढाली घेतलेले पोलीस. त्यांच्यात एक बाई पांढरा कोट घालून आल्या होत्या. मला आधी डॉक्टर वाटल्या. पण तिथल्या सरकारी शाळांत शिक्षक आणि मुलं असा पांढरा कोट घालतात. निवृत्त शिक्षिका होत्या. मोबाइलवर भाषांतर करत आम्ही दोघी बोललो. मी सांगितलं, मीही शिक्षिका, आमच्या महाराष्ट्रातही मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी मोठा संप झाला होता. त्यांनी माझा हात दाबला आणि म्हणाल्या, 'मग तुम्हाला पाठ वाचून दाखवायला नको.' इथेही काही जण पातेली वाजवत होते. डिसेंबर २००१ मध्ये बँकांनी लोकांचे पैसे अडकवले तेव्हा सगळं शहर रात्री खिडक्यांत, मग रस्त्यावर येऊन भांडी वाजवत होतं. त्यात सरकार गेलं. म्हणजे आधी झाडू, मग पातेलं. आणि या दोन्हींच्या मधली वस्तू आम्हाला गुरुवारी दिसली.

प्लासा दे मायो हा शहराचा मुख्य चौक. समोर राष्ट्राध्यक्षांचं गुलाबी कार्यालय, मध्ये एक पांढरा स्तंभ. मार्च १९७६ ते डिसेंबर १९८३ या काळात अर्जेंटिनात लष्करी राजवट होती. विद्यार्थी, कामगार, शिक्षक, पत्रकार यांना रात्री घरातून उचलून नेत. पुढे पत्ताच नाही. ना खटला, ना प्रेत. लोकशाही आल्यावर नेमलेल्या आयोगाने सुमारे ९,००० प्रकरणं नोंदवली. मानवी हक्काच्या संघटना हा आकडा ३०,००० सांगतात. मुलांना शोधत कचेरी-कचेरी फिरणाऱ्या आयांची हळूहळू एकमेकींशी ओळख झाली. ३० एप्रिल १९७७ ला त्यातल्या चौदा जणी या चौकात येऊन उभ्या राहिल्या. जमावबंदी होती. पोलीस म्हणाले, इथे थांबायचं नाही, चालत राहा. ठीक आहे, त्या म्हणाल्या. आणि दोघी-दोघी हातात हात घालून स्तंभाभोवती चालू लागल्या. पोलिसांचा हुकूम तर मोडला नाही, पण चौकही सोडला नाही!

एकमेकींना ओळखता यावं म्हणून पुढे त्यांनी डोक्याला पांढरं कापड बांधलं. ते कापड कसलं होतं माहीत आहे? बाळाचा लंगोट. तेव्हा कापडी लंगोट असत. हरवलेल्या मुलाचा, घरात जपून ठेवलेला. ह्याच आयांमधल्या आसुसेना वियाफ्लोर यांना डिसेंबर १९७७ मध्ये उचलून नेलं आणि मारलं. त्यांचे अवशेष ओळखले गेले २००५ साली, आणि त्याच वर्षी त्यांची रक्षा याच चौकात, स्तंभाच्या पायथ्याशी ठेवली.

आज त्या आया नव्वदीच्या घरात आहेत, कितीतरी गेल्या. पण दर गुरुवारी दुपारी साडेतीनला फेरी निघतेच. आम्हीही चाललो. कोणी विचारलं नाही की तुम्ही कोण. चालता चालता एक जण हरवलेल्यांची नावं वाचत होता. एक नाव वाचलं की सगळे मिळून म्हणत, 'प्रेसेंते!' मी ह्यांना विचारलं, 'काय म्हणतात हो?' शेजारच्या मुलाने मोबाइलवर शब्द टाकून पडदा माझ्यापुढे धरला. त्यावर मराठीत उमटलं होतं, 'हजर'.

श्रोतेहो, तीस वर्षं मी सकाळी हजेरी घेतली. नाव घ्यायचं आणि उत्तर आलं नाही तर गैरहजेरीची खूण करायची, ही हाताची सवय. इथे ज्यांचं उत्तर कधीच येणार नाही, त्यांच्या जागी सगळा चौक 'हजर' म्हणत होता. सत्तेचाळीस वर्षं. पुढच्या नावाला मीही म्हणाले. हे माझ्याकडे बघत राहिले आणि मग त्यांचाही आवाज आला.

या आयांमधूनच आज्यांची एक संघटना झाली. अटकेत असताना ज्या मुली बाळंत झाल्या, त्यांची बाळं दुसऱ्यांना देऊन टाकली होती. त्या नातवंडांचा शोध आज्या रक्ताच्या, जनुकांच्या चाचण्यांच्या मदतीने घेतात. जुलै २०२५ पर्यंत १४० जणांचा छडा लागला आहे. ही नातवंडं आता चाळिशी ओलांडलेली माणसं आहेत. शहरात चालताना फुटपाथवर मध्येच रंगीत फरशी दिसते. तीवर नाव आणि तारीख. त्या व्यक्तीला जिथून उचलून नेलं, किंवा जिथे ती राहत होती, शिकत होती, तिथे ती बसवलेली असते. नकळत पाय वळवून पुढे जायचो आम्ही.

शुक्रवारी लोकल गाडीने सान इसिद्रोला गेलो. ह्याचं कारण रवींद्रनाथ टागोर. बरोबर शंभर वर्षांपूर्वी, नोव्हेंबर १९२४ मध्ये ते पेरूला जायला निघाले होते. बोटीवर आजारी पडले आणि ब्युनोस आयर्सला उतरले. व्हिक्टोरिया ओकाम्पो या चौतीस वर्षांच्या लेखिकेने त्यांची सोय नदीकाठच्या मिरालरिओ या घरी केली. ते जवळजवळ दोन महिने राहिले. पुढच्या वर्षी निघालेला 'पूरबी' हा कवितासंग्रह त्यांनी तिला अर्पण केला. तिचं नाव ठेवलं होतं 'विजया'. ओकाम्पोचं स्वतःचं घर आता युनेस्कोकडे आहे. ते आम्ही पाहिलं. उंच झाडी, पुस्तकांनी भरलेल्या खोल्या. तिच्या तरुणपणी तिथल्या खानदानी घरांतल्या मुलींना एकटीने रस्त्यावर फिरायची सोय नव्हती. मुलगी मोटार चालवते म्हणजे लोकांना तमाशा. अर्जेंटिनातल्या बायकांना मताचा हक्क मिळाला तो १९४७ साली. आणि हीच ओकाम्पो १९७७ मध्ये तिथल्या साहित्य अकादमीची पहिली स्त्री सदस्य झाली. म्हणजे आज तिथल्या बायका रात्री अकराला निवांत चालतात, ते त्यांच्या पाण्यातच आहे, असं समजायचं कारण नाही. ते त्यांनी मिळवलंय.

शनिवारी संध्याकाळी बेल्ग्रानोच्या बागेत टँगो पाहिला. तिथे बँडसाठी बांधलेला एक गोल चबुतरा आहे, 'ला ग्लोरिएता'. तिकीट नाही. ऑफिसातून आलेली माणसं, सत्तरीचे नवरा-बायको, कॉलेजातली मुलं, सगळे नाचतात. हा नाच मोठ्या हॉटेलातला नाही. नदीच्या दोन्ही काठांवरच्या, उरुग्वे आणि अर्जेंटिनाच्या गरीब वस्त्यांत तो जन्मला. २००९ मध्ये युनेस्कोने त्याला वारसा म्हटलं. त्यातलं मुख्य वाद्य बान्दोनेओन, भात्याचं. ते जर्मनीतून आलं. आपल्या भजनातली पेटीही युरोपातूनच आलेली की! आपण तिला आपलं केलं, त्यांनी त्याला.

टँगोत एक रीत आहे. पुरुष उठून बाईपाशी येऊन हात धरत नाही. लांबूनच बघतो. तिने नजर दिली तर मान किंचित हलवतो. तिनेही मान हलवली तर नाच. तिने नजर वळवली तर विषय संपला. कोणाचा अपमान नाही, कोणाला उत्तर द्यायचं नाही. एका ऐंशीच्या आजोबांनी माझ्याकडे बघून मान हलवली! मी झटकन झाडाकडे बघितलं. ते हसले आणि दुसरीकडे वळले. हे शेजारी पोट धरून हसत होते. पण गंमत बाजूला ठेवा. बाईचा नकार इतका हलका, इतका सहज घेता येतो, हे पाहण्यासाठी मला वाटतं विमानाचं भाडं काही जास्त नव्हतं.

आल्यावर गावात सगळ्यांनी विचारलं, 'काय पाहिलं?' फोटो दाखवले. पण खरं उत्तर देणं अवघड होतं. आपल्या गावात बाई सगळीकडे असते. शेतात, बाजारात, शाळेत, बँकेच्या रांगेत. पण ती कामाला जात असते किंवा कामावरून येत असते. पार पुरुषांचा, चहाची टपरी पुरुषांची, बसस्टँडचा कट्टा पुरुषांचा. कोणी मनाई केलेली नाही. पाटी लावलेली नाही. तरी आम्ही थांबत नाही. आणि हा जिल्हा जिजाऊंचा, सिंदखेड राजा आमच्याच जिल्ह्यात.

तेव्हा आम्ही पाच-सहा जणींनी ठरवलं. दोघी निवृत्त शिक्षिका, एक अंगणवाडीतली, बाकीच्या शेतातल्या. आठवड्यातून दोन संध्याकाळी पारावर जाऊन बसायचं. भजन नाही, बचत गटाची मीटिंग नाही, हळदीकुंकू नाही. नुसतं बसायचं, बोलायचं. पहिल्या दिवशी पारावरचे पुरुष उठून बाजूला गेले. आम्ही म्हणालो, 'अहो बसा की, पार मोठा आहे.' एका म्हाताऱ्या बाबांना राहवेना. ते म्हणाले, 'काय मॅडम, कोणाची वाट पाहताय?' मी म्हणाले, 'कोणाची नाही बाबा. बसलोय.' ते थोडा वेळ उभे राहिले. मग तेही बसले आणि त्यांच्या कपाशीवरच्या बोंडअळीची गोष्ट सांगू लागले.

हे काही आंदोलन नाही. आमच्यावर त्या आयांसारखी वेळ आली नाही, आणि कोणावर येऊ नये. पण त्यांनी भीतीच्या काळात चौक सोडला नाही. आपल्याला तर भीतीही नाही, फक्त सवय नाही. सवय करता येते. कधी दोघीच असतो, कधी आठ जणी. परवा एका सुनेने विचारलं, 'मी येऊ का? पण घरी काय सांगू, कशाला चालले म्हणून?' आमच्यातली एक म्हणाली, 'बसायला चालले, असं सांग.' ती अजून आलेली नाही. पण येईल, असं वाटतं.